होडीची जागा

“होडी नसती तर चित्र बरं झालं असतं,” मी म्हणाले, आणि माझ्या वडिलांच्या हातातला बेसनाचा लाडू तोंडापाशी पोचता पोचता थांबला.

बार्शीला खांडक्यांच्या घरी पुढच्या खोलीत आम्ही बसलो होतो. आम्ही म्हणजे मी, माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, आणि हे स्थळ आणणारे भालूमामा. समोरच्या खुर्च्यांवर उमाकांत खांडके, म्हणजे ज्याच्याशी माझं लग्न ठरू घातलं होतं तो, आणि त्याचे वडील अण्णा. अण्णांच्या डोक्यामागे भिंतीवर एक मोठं चित्र. चित्रात खाली उजव्या कोपऱ्यात होडी.

“म्हणजे?” अण्णांनी विचारलं.

भालूमामांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मामांनी आयुष्यात बरीच लग्नं जमवली होती आणि त्यातली निम्मी पायानंच जमवली होती.

“म्हणजे चित्र एकानं काढलंय आणि होडी दुसऱ्यानं, असं वाटतं,” मी म्हटलं.

उमाकांतनं आपला लाडू बशीत परत ठेवला. स्वयंपाकघराच्या दाराचा पडदा तेवढा हलला. दादांनी लाडू एकदाचा तोंडात घातला, कारण तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. करमाळ्याच्या शाळेत चित्रकला शिकवत होते आणि चार-पाच ठिकाणी नापसंत झाले होते. एकांना मी उंच वाटले, एकांना सावळी वाटले, आणि एकांनी, “नोकरी आहे म्हणता, पण चित्रकलेची?” असं विचारून चहाही पुरता न पिता निरोप घेतला. दादांचं बाजारात शिलाईचं दुकान होतं. गावातल्या सगळ्या नवऱ्या मुलींचे ब्लाऊज त्यांच्याच हातचे. घरच्या मुलीचं माप मात्र कुणाला बसत नव्हतं. ते बोलून दाखवत नसत. नुसते रात्रीचं जेवण झाल्यावर कात्रीला धार लावत बसायचे. म्हणून खांडक्यांचा होकार यावा असं मलाही मनापासून वाटत होतं. मुलगा पाटबंधारे खात्यात अभियंता, माणसं सरळ, आणि मुलाच्या माहितीच्या कागदावर ‘छंद : चित्रकला’ असं लिहिलेलं. दादा तो कागद घडी घालून खिशात बाळगत होते.

रीत अशी की आधी मुलाकडचे येऊन मुलगी बघून जातात, मग मुलीकडचे पुरुष जाऊन घर बघून येतात. मुलगी त्यात नसते. तिला ते घर पुढे आयुष्यभर बघायचंच असतं. पण उमाकांतच्या आईनं निरोप धाडला होता, मुलीलाही घेऊन या. मामांनाही याचं नवल वाटलं होतं. या बाई करमाळ्याला आल्या तेव्हा जवळजवळ गप्पच होत्या. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, हे सगळं अण्णांनी विचारलं. बाईंनी निघताना एकच प्रश्न केला.

“शाळेत मुलांच्या चित्रात तुम्ही काय बघता?”

मला कुणी कधी असलं विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “जिथं पोरगं माझ्याकडे न बघता काढतं, ती जागा बघते.”

त्यांनी मान हलवली आणि चपला घातल्या.

तर असं करून आम्ही बार्शीला आलो, आणि हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते झालं. चित्राचा विषय मी काढलाच नव्हता. अण्णांनीच काढला. अण्णा निवृत्त तलाठी, जमीन दाखवायची सवय अंगात मुरलेली. खुर्चीतून न उठता, मान न वळवता, उजवा हात डोक्यामागे नेऊन ते बोटानं एकेक हद्द दाखवत गेले.

“हा समुद्र. हे वादळ. ही पिवळी ती वीज. आणि ही होडी.” बोट बरोबर होडीवर. “आमच्या उमाकांतनं काढलंय. तुम्ही त्यातल्या आहात, सांगा आता कसं आहे ते. अगदी मोकळेपणानं सांगा.”

मोकळेपणानं सांगा असं म्हणणाऱ्या माणसाला मोकळेपणानं सांगायचं नसतं, हे मला आता कळतं. तेव्हा मी चित्र बघितलं. दाराच्या अर्ध्या फळीएवढं प्लायवूड होतं आणि त्यावर दारं-खिडक्यांना लावतात तो ऑइल पेंट. डावीकडून जांभळा, जवळजवळ काळा रंग जाड थरानं आत घुसला होता, आणि तो ज्यानं कुणी लावला त्याला तो लावताना कुणाचीही पर्वा नव्हती. मधून एक पिवळा पट्टा निघून टोकाला पोचायच्या आत अचानक थांबला होता. वर उजवीकडे मात्र हिरवे, निळे, गुलाबी ठिपके दाटीवाटीनं भरलेले. आणि खाली ती होडी. दोन शिडं, एक वल्हं, सगळं प्रमाणात, रेषा पट्टी लावून काढलेल्या. होडी म्हटलं की माझं डोकं उठायचं. दोन डोंगर, मधून सूर्य, नदी आणि होडी, हे चित्र काढल्याशिवाय आपल्याकडे पोरगं चौथी पास होत नाही. शाळेत मी वर्षभर होड्याच तपासत होते. त्यात बार्शीला होडी तरंगेल एवढं पाणी कुठंच नाही. म्हणून तोंडातून निघून गेलं.

शेवटी भालूमामांनी सावरलं. “मुलामुलीला जरा बोलू द्यावं,” ते म्हणाले. “वर गच्चीवर वारा चांगला असतो.”

वर वारा नव्हता. सांडगे वाळत घातले होते. त्यांच्या एका बाजूला मी उभी राहिले, दुसऱ्या बाजूला उमाकांत. तो बारीक, सरळ भांग पाडलेला, आणि शर्टाच्या खिशात दोन पेन. बराच वेळ तो सांडग्यांकडे बघत होता.

“होडीत वाईट काय आहे?” त्यानं विचारलं.

“होडी वाईट नाही. तिथं ती नको आहे.”

“सगळ्यांना आवडते.”

“म्हणूनच. ती सगळ्यांसाठी काढलीय. बाकीचं चित्र कुणासाठी काढलेलं नाही.” आणि बोलतेच आहोत तर बोलावं म्हणून मी विचारलं, “तो जांभळा रंग कशानं लावलात?”

“ब्रशनं.”

“ब्रशनं एवढा जाड बसत नाही.”

त्यानं इकडेतिकडे बघितलं. मग एक सांडगा उचलून उलटा करून ठेवला.

“चित्र मी काढलेलं नाही,” तो म्हणाला. “आईनं काढलंय. माझ्या कागदावर तो छंद कसा आला मला माहीत नाही. पण मामांनी तुमच्याकडे तसं सांगितलेलं, म्हणून अण्णा तसं बोलले, आणि मग मला नाही म्हणता येईना. होडी तेवढी माझी.”

“पट्टी लावली होती?”

“टी-स्क्वेअर.”

मला हसू आलं. त्याला आलं नाही.

“का काढलीत?”

“पाहुणे विचारायचे, हे काय आहे? अण्णांना उत्तर देता यायचं नाही. त्यांनी ते चित्र लावलं होतं भिंतीची ओल झाकायला. मग म्हणाले, ओल परवडली, लोकांचे प्रश्न नको, टाका माळ्यावर. आई काही बोलली नाही. ती बोलतच नाही. मी म्हटलं, थांबा, मी एक होडी काढतो, म्हणजे समुद्र होईल. होडी काढली आणि समुद्र झाला. समुद्र म्हटल्यावर अण्णा खूश. भिंतीवर राहिलं. होडी नसती तर चित्र बरं झालं असतं म्हणालात. होडी नसती तर ते माळ्यावर गेलं असतं.”

पट्टी लावून काढलेल्या त्या होडीबद्दल माझं मत बदललं नव्हतं. ती काढणाऱ्याबद्दलचं बदललं.

“आईला सांगू नका,” तो म्हणाला, “होडी वाईट आहे म्हणून.”

“त्यांनी ऐकलंय,” मी म्हटलं. “पडदा हलला होता.”

खाली आलो तर दारातच त्याच्या आई उभ्या होत्या. “मुलीला स्वयंपाकघर दाखवते,” असं पुरुषांना ऐकू जाईल इतपत म्हणून त्यांनी मला आत नेलं. ठेंगण्या, हातात काचेच्या दोन-दोन बांगड्या, पदर खोचलेला. ओट्यामागे खिळ्यांना दोन उलथनी टांगली होती. एक पोळ्यांचं. दुसऱ्याच्या पात्याच्या कडेला जांभळा रंग.

“काकू, तुम्ही उलथन्यानं रंग लावता?”

“ब्रश एकदा धुवायचा राहिला, त्याचा दगड झाला. उलथनं पुसलं की झालं.” त्यांना माझ्या विचारण्याचं नवल वाटलं नाही. “या इकडे.”

स्वयंपाकघराच्या मागे एक खोली होती. एक खिडकी, धान्याच्या दोन कोठ्या, आणि भिंतीला टेकवून ठेवलेली प्लायवूडं. त्यांनी ती एकेक करून वळवली. एकातही होडी नव्हती. आपण शेजारणीला पापड दाखवतो तितक्याच सहजपणे त्या दाखवत होत्या, पण शेवटचं वळवल्यावर त्यांनी दोन्ही हात पदरात गुंडाळले.

“बाई,” त्या म्हणाल्या. शाळेतली मुलं म्हणतात तसं. “पुढच्या खोलीतलंच सांगा. पहिलं आहे. घर रंगवलं तेव्हा पेंट उरला, झाकण लावलं तरी त्यावर साय धरते, म्हणून लावून बघितला. आता आडपडदा ठेवू नका.”

दादांचा धंद्यातला एक नियम होता. गिऱ्हाइकाच्या अंगावर असलेला कपडा वाईट आहे असं कधी म्हणू नये, पुढचा कसा शिवू ते सांगावं. येताना एसटीत त्यांनी तो मला मुद्दाम ऐकवला होता आणि पुढच्या खोलीत मी तो मोडून बसले होते. आता म्हटलं पाळून बघावा.

“डावीकडच्या जांभळ्याला हात लावू नका,” मी म्हटलं. “तिथं तुम्ही कुणाकडे बघत नव्हता.”

“घरात कुणी नव्हतं.”

“वर उजवीकडे ठिपके भरलेत ते उरलेला रंग वाया जाऊ नये म्हणून ना?”

काकूंनी मान खाली घातली. “डबे उघडले होते.”

“फोडणीचा भात करताना चालतं. इथं नको. ती जागा मोकळी सोडली तरी चित्र उपाशी राहणार नाही. आणि तो पिवळा पट्टा मधेच थांबतो, ते फार चांगलं आहे. मला तर वाटलं मुद्दाम थांबवलाय.”

“तिथं कुकरची शिट्टी झाली.”

“असू दे. पण परत कुकर बंद करून आलात तेव्हा तो पुरा करावासा वाटला असेल. का नाही केलात?”

त्यांनी विचार केला. “बघितलं आणि वाटलं, आता याला हात लावला तर ओरडेल.”

“तेच. पट्टा कुकरनं नाही थांबवला, तुम्ही थांबवलात.”

त्या पहिल्यांदा हसल्या. मग दाराकडे बघून आवाज खाली आणला. “आणि होडी?”

“होडीमुळं सगळ्या रंगाचं पाणी होतं. तुमचा तो जांभळा समुद्र नाही. काय आहे मला माहीत नाही, पण समुद्र नाही.”

“नाहीच,” काकू म्हणाल्या. “मी समुद्र बघितलेलाही नाही. पण त्याला सांगू नका. माझ्यासाठी काढलीय त्यानं. तेव्हापासून मी त्या कोपऱ्याकडे बघत नाही, केर काढतानासुद्धा.”

बाहेरून अण्णांची हाक आली, चहा झाला का. झाला, असं काकूंनी सांगितलं. स्टोव्ह पेटवलेलाच नव्हता.

“आता एकच सांगा,” त्या म्हणाल्या. “तुमचं जमलं तर ही खोली तुम्हा दोघांची. दुसरी खोली नाही. सून आली की खोली द्यावी लागते, त्यात माझी ना नाही. हे सगळं माळ्यावर जाईल. माळ्यावर गेलेलं परत खाली येत नाही, तेही मला माहीत आहे. मला फक्त ठरवायचंय, वाईट वाटून घ्यायचं की नाही. यात काही नसेलच तर मी उगाच कशाला जीव जाळू? घरातले सगळे छान म्हणतात. छानवरून काही ठरवता येत नाही. म्हणून म्हटलं, खोली जायच्या आधी कुणीतरी जाणत्यानं एकदा बघावं.” त्यांनी पदरातून हात काढले. “तो छंद मीच लिहिला त्याच्या कागदावर. नाहीतर चित्रकलेच्या बाई आमच्या घरी कशाला आल्या असत्या?”

मी तिथं उभी राहिले. माझी निवड उंचीवरून झाली नव्हती, रंगावरूनही नव्हती. एका बाईला आपल्या चित्राकडे बघणारे दोन डोळे हवे होते आणि त्यासाठी तिनं पोटच्या पोराचं स्थळ पुढे केलं होतं. मला राग यायला हवा होता. तो आला नाही. उलट इतके जण बघून गेले, पण माझ्याकडे कामाची म्हणून बघणारी ही पहिलीच, असं वाटून मला एकदम बरं वाटलं.

मी प्लायवूडं परत बघितली. घाई केली नाही. दोन चित्रं साफ फसली होती, एकात ठिपक्यांनी उच्छाद मांडला होता. पण प्रत्येकात कुठं ना कुठं ती जागा होती, कुणाकडेही न बघता काढलेली.

“वाईट वाटून घ्या,” मी म्हणाले. “चांगलं भरपूर वाटून घ्या.”

काकूंनी डोळ्यांना पदर लावला, नाक ओढलं आणि म्हणाल्या, “बरं झालं, कळलं एकदाचं.” आणि चहाचं आधण ठेवलं.

परतीच्या एसटीत कुर्डुवाडी गेल्यावर दादा म्हणाले, “होडी चांगली होती की गं, प्रमिला.”

“हो दादा.”

“मग कशापायी बोललीस? आता हे पण गेलं.” खिशातला तो घडी घातलेला कागद त्यांनी काढला, बघितला आणि परत ठेवला. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, म्हणून मला फार लागलं. मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

पण ते गेलं नव्हतं. चार दिवसांनी भालूमामा घाम पुसत दुकानात आले. पसंत आहे म्हणाले. अण्णांचं म्हणणं, मुलीला चित्रातलं विशेष कळत नाही, पण बाकी ठीक आहे. लग्नाची बोलणी करायला बार्शीलाच बसायचं, आणि मुलीलाही आणा. हेही काकूंचंच.

बोलण्यांना मुलगी नेतात होय, असं आमचे थोरले काका वाटेत सगळ्यांना विचारत राहिले. त्यांना मान म्हणून नेलं होतं. खांडक्यांच्या पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली होती. दोन्हीकडची मोठी माणसं भिंतीला टेकून बसली. मी दाराजवळ स्टुलावर. काकू पडद्यापाशी चहाचं ताट घेऊन.

बसल्या बसल्या मी वर बघितलं.

होडी नव्हती. कोपऱ्यातला रंग पार प्लायवूडपर्यंत खरवडून काढला होता. तिथं उघड्या लाकडाचा फिकट तुकडा होता आणि त्यावर उलथन्याचे लांब ओरखडे. वर उजवीकडचे ठिपकेही एका जांभळ्या हातानं झाकून टाकले होते. पिवळा पट्टा होता तिथंच थांबला होता. खोटं कशाला बोलू, चित्र काही फार थोर झालं नव्हतं. पण आता ते एकाच माणसाचं होतं.

मी उमाकांतकडे बघितलं. तोही चित्राकडेच बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. त्यानं आईकडे बघितलं, आईनं ताटातले कप सरळ केले. मला वाटलं, हा आता दुखावला, आता काहीतरी बोलेल. आणि बोलला असता तर चुकलं नसतं.

तेवढ्यात अण्णांनी सुरुवात केली. आमच्या काकांची नजर भिंतीवर गेलेली त्यांनी बरोबर हेरली होती.

“हा समुद्र,” अण्णा म्हणाले. हात डोक्यामागे, मान समोर. “हे वादळ. ही वीज. आणि ही होडी.”

बोट बरोबर त्या ओरखड्यांवर टेकलं.

सगळ्यांनी बोटाकडे बघितलं. दादांनी मान डोलावली. भालूमामा म्हणाले, “मागच्या वेळी बघितलीच होती.” थोरल्या काकांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, “हुबेहूब.”

मी ओठ गच्च मिटले. उमाकांतनं तोंडावर रुमाल धरला. त्याचे खांदे हलत होते, आणि तो रडत नव्हता हे मला दाराजवळूनही दिसत होतं. त्याच क्षणी मी या माणसाशी लग्न करायचं ठरवलं. त्याआधी नुसतं ठरत होतं.

मग बोलणी झाली. कार्यालय कुठलं, जेवण कुणाकडे, मानपान कसा. सगळं उरकत आल्यावर भालूमामांनी रीत म्हणून विचारलं, “मुलीचं काही म्हणणं?” याचं उत्तर मुलीनं मान खाली घालून द्यायचं असतं.

“आतली खोली आम्हाला नको,” मी म्हणाले.

मामांचा पाय माझ्यापर्यंत पोचत नव्हता. ते नुसते बघत राहिले.

“आतली?” अण्णा म्हणाले. “मग तुम्ही दोघं राहणार कुठं?”

दादांनी डोळे मिटून घेतले.

“गच्चीवर पत्र्याची खोली चढवू,” उमाकांत म्हणाला. “नकाशा मी करतो. प्रमिला बरोबर बोलतात. ती खोली आईची आहे.”

“अरे, ती अडगळीची खोली! कोठ्या हलवल्या की झालं. तिथं कुणाचं काय अडलंय?”

“माझं,” पडद्याकडून आवाज आला.

सगळ्यांच्या माना वळल्या. काकूंनी हातातलं ताट खाली ठेवलं आणि रिकाम्या हातांनी पुन्हा म्हणाल्या, “माझं अडलंय. मी तिथं चित्रं काढते. हे पण मीच काढलंय. त्यानं नाही.”

अण्णा बायकोकडे बघत राहिले. मग सतरंजीवर हात टेकून ते सावकाश मागे वळले आणि इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदा त्यांनी त्या चित्राकडे तोंड करून बघितलं. डावीकडून उजवीकडे, वरून खाली. बोट उचललं, कोपऱ्यात नेलं आणि तिथं ते तसंच राहिलं.

“होडी कुठाय?”

“खरवडली,” काकू म्हणाल्या.

“कशानं?”

“उलथन्यानं.”

अण्णांनी आमच्या सगळ्यांकडे बघितलं. आमचे थोरले काका गंभीरपणे म्हणाले, “आत्ता तर होती.”

लग्न झालं. गच्चीवर पत्र्याची खोली चढली, टी-स्क्वेअर लावून काढलेल्या नकाशाबरहुकूम, आणि बार्शीच्या उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली आम्ही दोघं भाजून निघालो. खालच्या खोलीचा मला कधी मोह झाला नाही असं म्हणणार नाही. दर वैशाखात झाला. चित्र पुरं झालं की काकू खालून हाक मारायच्या, “बाई, बघून जा.” सासू सुनेला बाई म्हणते याचं गल्लीत सगळ्यांना नवल वाटायचं. मी बघायचे. बरं असेल तिथं बरं म्हणायचे, फसलं असेल तिथं पुढच्या वेळी काय करायचं ते सांगायचे. उठताना त्या दर वेळी तेच विचारायच्या, “वाईट वाटून घेण्यासारखं आहे ना?” अण्णा पाहुण्यांना पुढे बरीच वर्षं चित्र दाखवत होते, पण उभं राहून, आणि चित्राकडे बघून. ही वीज, म्हणायचे, आणि इथं होडी होती.

गेल्या फाल्गुनात काकू गेल्या. तेरावं झाल्यावर उमाकांत म्हणाला, पत्रा गळतो, आता खाली यायला हरकत नाही, खोली मोकळी आहे. मी खाली जाऊन दार उघडलं. भिंतीला टेकवलेली प्लायवूडं होती, खिडकीत उलथनं होतं. मी खाली बसले आणि वाईट वाटून घेतलं. आमचं ठरलं होतं तसं, चांगलं भरपूर.